शस्त्रसंधी : बंदुका थांबतात तेव्हा नेमकं काय थांबतं?

10 मे 2025 च्या संध्याकाळी परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी एक छोटं निवेदन केलं. दुपारी 3 वाजून 35 मिनिटांनी पाकिस्तानच्या लष्करी कारवाई महासंचालकांनी भारताच्या महासंचालकांना फोन केला, आणि जमीन, आकाश व समुद्र या तिन्ही ठिकाणचा गोळीबार व लष्करी कारवाई संध्याकाळी 5 वाजल्यापासून थांबवायची असं दोघांमध्ये ठरलं, इतकंच त्यात होतं. लगोलग वाहिन्यांच्या पट्ट्यांवर शब्द झळकला : शस्त्रसंधी. त्याच रात्री मिस्री पुन्हा समोर आले आणि काही तासांपूर्वी ठरलेल्या गोष्टीचं पाकिस्तानकडून वारंवार उल्लंघन होत असल्याचं त्यांनी सांगितलं.

त्या रात्री अनेकांना एकच प्रश्न पडला होता. संपलं म्हणायचं की नाही?

हा गोंधळ ऐकणाऱ्यांच्या अज्ञानामुळे होत नाही. शब्दच तसा आहे. मराठीत आपण ‘शस्त्रसंधी’ या एका शब्दावर तीन-चार वेगवेगळ्या गोष्टींचं ओझं टाकलं आहे. चार तासांसाठी थांबलेला गोळीबारही शस्त्रसंधी, आणि सत्तर वर्षांहून अधिक काळ टिकलेली व्यवस्थाही शस्त्रसंधीच.

शब्दाची फोड

‘संधी’ म्हटलं की आज आपल्याला आधी आठवते ती नोकरीची संधी, सुवर्णसंधी. म्हणून ‘शस्त्रसंधी’ पहिल्यांदा ऐकणाऱ्या मुलाला तो शस्त्रांना मिळालेला मोका वाटला, तर त्यात त्याची चूक नाही. पण इथला संधी हा त्याहून जुना आहे. व्याकरणात दोन वर्ण जुळतात तो संधी. हाडं जिथे जुळतात तो सांधा, आणि तिथे दुखतं तो संधिवात. दिवस आणि रात्र जिथे भेटतात तो संधिकाल. मूळ अर्थ जोडणं, सांधणं असा.

राजकारणात हा शब्द फार पूर्वीच आला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात परराष्ट्र धोरणाचे सहा प्रकार सांगितले आहेत : संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव. त्यात संधीची व्याख्या दोन शब्दांत आहे, ‘पणबन्धः सन्धिः’. इथला ‘पण’ म्हणजे अट. अटी घालून एकमेकांना बांधून घेणं म्हणजे संधी. यात मैत्री नाही, मनोमीलन नाही, क्षमा तर नाहीच नाही. आहेत त्या अटी. शस्त्रसंधीबद्दल एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवायची म्हटली तरी मी हीच निवडेन, कारण बातम्यांमधले निम्मे गैरसमज या अटींकडे दुर्लक्ष झाल्यामुळे होतात.

इंग्रजीत या जागी तीन शब्द वापरतात. ‘सीझफायर’ ही मुळात गोळीबार करणाऱ्या सैनिकांना द्यायची आज्ञा : थांबवा. ‘ट्रूस’ची नाळ ‘दिलेला शब्द’ या अर्थाशी जुळते, म्हणून तो बराचसा तोंडी आणि तात्पुरता असतो. ‘आर्मिस्टिस’ लॅटिनमधून आला, अर्थ ‘शस्त्रांचं जागच्या जागी थबकणं’. हा सर्वांत औपचारिक. त्याचा मसुदा असतो, सह्या असतात, नकाशे जोडलेले असतात. या तिघांनाही मराठी बातमीत बहुतेक वेळा ‘शस्त्रसंधी’ म्हटलं जातं.

‘जैसे थे’चा हुकूम

दोन भावांमध्ये जमिनीचा वाद आहे. एकाने कुंपण हलवलं, दुसरा कोर्टात गेला. कोर्टाने सांगितलं, निकाल लागेपर्यंत ‘जैसे थे’. या हुकमाने जमीन कोणाची हे ठरलं का? नाही. धाकट्याचं म्हणणं खरं मानलं गेलं का? तेही नाही. फक्त आज जो जिथे उभा आहे तिथून त्याने पुढे सरकायचं नाही. दावा चालू आहे आणि वकील कामाला लागले आहेत.

शस्त्रसंधी हा युद्धातला ‘जैसे थे’ आहे. भांडणाचं मूळ कारण तिथेच राहतं. कायद्याच्या नजरेने युद्धाची स्थितीही संपत नाही. थांबतं ते फक्त एकमेकांवर शस्त्र चालवणं. मात्र एक मोठा फरक आहे. भावांच्या डोक्यावर कोर्ट असतं, हुकूम मोडला तर अवमानाची कारवाई होते. देशांच्या डोक्यावर असं कोणी नसतं. संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक असले तरी ते पाहतात आणि नोंद करतात. अडवण्याची ताकद त्यांच्याकडे नसते. त्यामुळे हा हुकूम दोन्ही बाजूंनी स्वतःच स्वतःला घातलेला असतो आणि तो पाळावासा वाटेल तोवरच टिकतो.

शेजारचे शब्द

कोर्टाचा अंतिम निकाल किंवा कायमची तडजोड म्हणजे तह. सीमा कोणती, कैद्यांचं काय, खंडणी किंवा भरपाई किती, हे सगळं तहात ठरतं. 1665 मध्ये पुरंदरला झाला तो तह होता. शिवाजी महाराजांनी 23 किल्ले देण्याचं त्यात ठरलं. शस्त्रसंधीत किल्ले दिले-घेतले जात नाहीत, फक्त तोफा गप्प होतात.

शरणागती ही वेगळीच. तिच्यात दोन बाजू समान राहत नाहीत. एक बाजू शस्त्र खाली ठेवते आणि स्वतःला दुसऱ्याच्या ताब्यात देते.

हा फरक डिसेंबर 1971 मध्ये जितका स्वच्छ दिसला तितका क्वचितच दिसतो. ढाक्यात कोंडीत सापडल्यावर पाकिस्तानी सेनापती जनरल नियाझी यांच्याकडून आलेला पहिला प्रस्ताव शस्त्रसंधीचा होता. शस्त्रसंधी मान्य झाली असती तर त्यांचं सैन्य शस्त्रांसह जागेवर राहिलं असतं आणि पुढच्या बोलण्यात त्याचं वजन पडलं असतं. भारताने शरणागतीच मागितली. 16 डिसेंबरला ढाक्यात नियाझींनी लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांच्यासमोर सही केली आणि सुमारे 93 हजार लोक युद्धकैदी झाले. दुसऱ्याच दिवशी, 17 डिसेंबरला रात्री 8 वाजता, पश्चिम आघाडीवर भारताने एकतर्फी जाहीर केलेली शस्त्रसंधी लागू झाली. तिथे कोणी शरण आलं नव्हतं. एकाच युद्धात पूर्वेला एक शब्द लागू पडला आणि पश्चिमेला दुसरा. दोन्हींचे परिणाम आजही वेगवेगळे आहेत : पूर्वेला नवा देश झाला, पश्चिमेला एक रेषा उरली.

इथे भाषेचाही एक धोका सांगून ठेवतो. मराठीत दारूबंदी, नोटबंदी तशी युद्धबंदी, म्हणजे युद्ध बंद. हिंदीत मात्र ‘युद्धबंदी’ म्हणजे युद्धात पकडलेला कैदी, ज्याला आपण युद्धकैदी म्हणतो. हिंदी मजकूर घाईने मराठीत आणताना ‘युद्धबंदी’ तसाच ठेवला, तर कैद्यांच्या सुटकेची बातमी युद्ध थांबल्याची बातमी होऊन बसते. लिहिणाऱ्याने इथे जरा थांबायलाच हवं.

किती वाजता?

शस्त्रसंधीच्या अटींमध्ये वेळ सर्वांत साधी वाटते, पण तिची किंमत माणसांच्या जिवात मोजावी लागते.

पहिल्या महायुद्धाची शस्त्रसंधी फ्रान्समधल्या कोंपिएन्यच्या जंगलात, एका रेल्वेच्या डब्यात झाली. तारीख 11 नोव्हेंबर 1918. सह्या पहाटे पाचनंतर झाल्या आणि अंमल सकाळी 11 पासून ठरला. शेकडो मैल पसरलेल्या आघाडीवर प्रत्येक तुकडीपर्यंत निरोप पोचायला वेळ लागणार, हे त्याचं एक उघड कारण. पण मधल्या जवळपास सहा तासांत लढाई चालूच राहिली आणि त्या एका सकाळी दोन्ही बाजूंचे मिळून हजारो सैनिक मेले किंवा जखमी झाले. हेन्री गुंथर नावाचा अमेरिकन सैनिक 10 वाजून 59 मिनिटांनी मारला गेला. युद्ध एका मिनिटात थांबणार हे समोरच्या जर्मनांना माहीत होतं. त्यांनी त्याला मागे फिरायला खुणावलं, तरी तो पुढे येत राहिला.

ही गोष्ट वाचली की मला दर वेळी तेच वाटतं : सही आणि अंमल यांच्यामधल्या तासांइतकं निरर्थक मरण दुसरं नसेल. तरीही हे अंतर पूर्णपणे पुसता येत नाही. 10 मे 2025 ला दुपारी 3:35 चा फोन आणि 5 वाजताचा अंमल यांच्यामध्ये दीड तासाचं अंतर होतं. संपर्काची साधनं शंभर वर्षांत कुठल्या कुठे गेली म्हणून सहा तासांचा दीड तास झाला. शून्य झाला नाही.

1918 ची ती शस्त्रसंधी आधी फक्त 36 दिवसांची होती, हे फारसं कोणाच्या लक्षात नसतं. तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढवत न्यावी लागली. व्हर्सायच्या तहावर सही झाली 28 जून 1919 ला आणि तो लागू झाला 10 जानेवारी 1920 ला. म्हणजे ज्या दिवशी लोक रस्त्यावर येऊन नाचले, त्यानंतर चौदा महिने युद्ध कागदोपत्री उभंच होतं.

कुठे थांबायचं?

‘जैसे थे’ म्हणायचं तर आज कोण कुठे आहे हे आधी लिहून ठेवावं लागतं. म्हणून नकाशे आणि रेषा येतात. काश्मीरमध्ये 1 जानेवारी 1949 पासून शस्त्रसंधी लागू झाली आणि 27 जुलै 1949 रोजी कराचीत झालेल्या करारात शस्त्रसंधी रेषा आखून घेतली गेली. खेड्यांची, नाल्यांची, शिखरांची नावं घेत ही रेषा वर सरकते आणि नकाशावर एनजे 9842 या बिंदूपाशी येऊन थांबते. त्यापुढे काय? करारात लिहिलं आहे : तिथून उत्तरेकडे हिमनद्यांपर्यंत.

बस, एवढंच. पुढे बर्फ होता, माणूस राहत नव्हता, लढाई तिथे पोचली नव्हती. रेषा पुढे ओढायची गरज कोणालाच वाटली नाही. 1972 मध्ये नव्याने रेषा आखली तेव्हाही ती त्याच बिंदूवर थांबली. ‘उत्तरेकडे’ म्हणजे नेमकी कुठली दिशा यावरून मग दोन्ही देशांनी आपापले अर्थ काढले. 13 एप्रिल 1984 रोजी भारतीय सैन्य सियाचिनच्या वरच्या खिंडींवर उतरलं, आणि तेव्हापासून जगातल्या सर्वांत उंच रणभूमीवर दोन्ही सैन्यं समोरासमोर आहेत. तिथे गोळीपेक्षा थंडीने आणि हिमकडे कोसळून जास्त जवान गेले. शस्त्रसंधीच्या मसुद्यात एक वाक्य सैल राहिलं तर काय होतं, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

1972 मध्ये आणखी एक शब्द बदलला. सिमला करारानंतर ‘शस्त्रसंधी रेषे’ची ‘नियंत्रण रेषा’ झाली. हा नुसता नवा टिळा नव्हता. जुनी रेषा संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीतून आली होती आणि तिच्यावर त्यांचे निरीक्षक होते. नवी रेषा दोन देशांनी आपसात ठरवलेली, तेव्हा आता तिसऱ्याचं काम उरलं नाही, अशी भारताची भूमिका तेव्हापासून आहे.

2025 मध्येही भारत सरकारने ‘शस्त्रसंधी’ऐवजी गोळीबार आणि कारवाई थांबवण्याबाबतची ‘सहमती’ असे शब्द जपून वापरले, ते याच सवयीतून. सहमती दोन लष्करी अधिकाऱ्यांच्या फोनवर होते. शस्त्रसंधी म्हटलं की करार, मध्यस्थ, देखरेख हे सगळं मागोमाग येऊ शकतं.

कोणी ठरवायचं?

सही करणाऱ्याला अधिकार होता का, हा प्रश्न मराठ्यांच्या इतिहासात एकदा फार महाग पडला. जानेवारी 1779 मध्ये मुंबईहून पुण्यावर चालून आलेल्या इंग्रज फौजेला मराठ्यांनी वडगावला घेरलं. इंग्रजांना करार करावा लागला : मिळवलेला मुलूख परत द्यायचा आणि रघुनाथरावांची साथ सोडायची. फौज सुखरूप मुंबईला गेली. मग वरिष्ठांनी सांगितलं, ज्यांनी सह्या केल्या त्यांना तसा अधिकारच नव्हता. कलकत्त्याहून वॉरन हेस्टिंग्जनेही करार झिडकारला. लढाई पुन्हा पेटली आणि 1782 च्या सालबाईच्या तहापर्यंत चालली.

म्हणून आज कोण कोणाशी बोललं हे बातमीत इतकं बारकाईने सांगतात. लष्करी कारवाई महासंचालक, म्हणजे प्रत्यक्ष मोहिमा चालवणारा अधिकारी, गोळीबार थांबवू शकतो. त्याचा शब्द सगळ्या आघाडीवर चालतो. पण सीमा कुठली हे तो ठरवू शकत नाही. ते काम सरकारचं.

मोडली म्हणजे संपली का?

‘उल्लंघन’ हा शब्द ऐकला की शस्त्रसंधी रद्द झाली असं वाटतं. नियम तसा नाही. 1907 च्या हेग येथील युद्धनियमांत शस्त्रसंधीबद्दल सहा कलमं आहेत आणि ती कमालीची व्यवहारी आहेत. एका बाजूने गंभीर भंग केला तर दुसरी बाजू शस्त्रसंधी संपल्याचं जाहीर करू शकते, आणि फारच निकड असेल तर लगेच लढाई सुरू करू शकते. पण कोणा एकट्यादुकट्याने स्वतःच्या मनाने गोळी चालवली, तर दुसऱ्या बाजूला फक्त त्याला शिक्षा आणि नुकसानीची भरपाई मागता येते. मुदत ठरलेली नसेल तर कोणतीही बाजू केव्हाही पुन्हा लढू शकते, मात्र आधी इशारा द्यावा लागतो.

म्हणजे भंग झाला तरी शस्त्रसंधी चालू ठेवायची की मोडीत काढायची, हा निर्णय ज्याच्यावर गोळी आली त्याच्या हातात असतो. नियंत्रण रेषेवर 2003 च्या नोव्हेंबरपासून शस्त्रसंधी होती. 2020 या एका वर्षात भारताने पाच हजारांहून अधिक उल्लंघनं मोजली. तरी कोणी ती संपल्याचं जाहीर केलं नाही. 25 फेब्रुवारी 2021 रोजी दोन्ही महासंचालकांनी संयुक्त निवेदन काढलं, ‘आधीचं ठरलेलं काटेकोर पाळू’, आणि पुढची काही वर्षं रेषा बऱ्यापैकी शांत राहिली. सीमेलगतच्या गावांत मुलं शाळेत जाऊ शकली आणि शेतकरी कुंपणाजवळच्या शेतात उतरू शकले. कागद तोच होता, फक्त पाळायचं ठरलं.

पण शत्रूला उसंत मिळते, त्याचं काय?

हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाऊ नये. थांबलेल्या काळात दारूगोळा भरला जातो, पूल दुरुस्त होतात, नवे खंदक खणले जातात. जिंकत आलेल्या बाजूने शस्त्रसंधी मानली तर आपल्याच लोकांना ती फसवणूक वाटते. 1971 मध्ये ढाक्यापुरता भारताने हाच विचार केला, आणि तो बरोबर होता.

पण उसंत दोघांनाही मिळते. शिवाय मसुद्यात त्यावर उपाय लिहिता येतात : नवी कुमक आणायची नाही, अमुक अंतर मागे सरायचं, निरीक्षकांना येऊ द्यायचं. पांढरं निशाण दाखवून जवळ यायचं आणि मग हल्ला करायचा, हा तर युद्धाच्या कायद्यात विश्वासघात मानला जातो आणि त्याला मनाई आहे. त्यामागचं कारण सोपं आहे. एकदा निशाणावरचा विश्वास उडाला की पुढच्या वेळी खरोखर थांबू पाहणारा सैनिकही मारला जातो.

मग शेवट केव्हा होतो?

कधी होतो, कधी होतच नाही. कोरियात वाटाघाटी जुलै 1951 मध्ये सुरू झाल्या आणि 27 जुलै 1953 ला पानमुनजोम इथे सह्या झाल्या. मधली दोन वर्षं एकीकडे टेबलावर बोलणी आणि दुसरीकडे डोंगरांवर लढाई असं चाललं. सर्वांत जास्त अडलं ते युद्धकैद्यांवरून : मायदेशी परत जायचं नाही म्हणणाऱ्याला जबरदस्तीने पाठवायचं का? हा गुंता सोडवायला नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष भारताचे जनरल थिमय्या होते. त्या कैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय दलाचं नेतृत्व मेजर जनरल एस. पी. पी. थोरात या मराठी अधिकाऱ्याकडे होतं.

सही सकाळी 10 वाजता झाली, अंमल रात्री 10 पासून. दोन्ही सैन्यं दोन-दोन किलोमीटर मागे सरली आणि चार किलोमीटर रुंदीचा, सुमारे अडीचशे किलोमीटर लांबीचा पट्टा मोकळा राहिला. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांना देशाची फाळणी मान्य नव्हती, त्यामुळे दक्षिण कोरियाने सहीच केली नाही. मसुद्यात एक कलम असं होतं की तीन महिन्यांच्या आत वरच्या पातळीवर परिषद भरवून कोरियाचा प्रश्न शांततेने सोडवावा. परिषद भरली एप्रिल 1954 मध्ये, जिनिव्हात. कोरियावरची चर्चा जूनमध्ये काहीही न ठरता संपली. त्यानंतर तह झालेला नाही, आणि 1953 चाच मसुदा आजही लागू आहे.